डायनमो घरी बदलायचा आहे? आधी तो खरंच गेलाय का ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: २००९ची आल्टो, बॅटरी गेल्याच वर्षी नवी घातलेली. तरी दोन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ जड फिरतो. चालवताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मंद पेटतो आणि रेस दिली की विझतो. गॅरेजमध्ये पाच मिनिटांत सांगितलं, ‘डायनमो गेला, नवा टाकावा लागेल.’ घरी पाने-गोट्यांचा सेट आहे, हाताने काम करायची सवय आहे, तर अंगणात गाडी उभी करून हे काम जमेल का?

जमेल. मी कोकणात गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करतो आणि या पिढीच्या छोट्या मारुतीवर अल्टरनेटर (गॅरेजवाले ज्याला ‘डायनमो’ म्हणतात तोच, इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा) काढणं-घालणं हे एका सकाळचं काम आहे. पण माझ्याकडे ‘गेलेला’ म्हणून येणाऱ्या अल्टरनेटरांपैकी बरेच गेलेले नसतात. पट्टा सैल असतो, तारेच्या टोकाचं थिंबल गंजलेलं असतं, इंजिनची अर्थिंगची पट्टी तुटलेली असते, नाहीतर फक्त आतले कार्बन (करंट पोचवणारे छोटे काळे ठोकळे) झिजून संपलेले असतात. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. साधा डिजिटल चालेल.

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. आता गाडी चालू करा. आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. मग हेडलाइट, ब्लोअर फुल, वायपर, सगळं लावा आणि रेस थोडी वाढवून धरा. एवढा भार असतानाही १३.५ च्या वर टिकला तर अल्टरनेटर आपलं काम करतोय. भार टाकताच आकडा १२.५ च्या खाली घसरत गेला तर चार्जिंग पुरत नाही. आणि १५ च्या वर गेला तर उलटा रोग: व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर, म्हणजे ज्याला आपल्याकडे अजून ‘कटआऊट’ म्हणतात, तो सुटलाय आणि बॅटरी उकळतेय.

भार टाकून पाहण्यामागे साधं गणित आहे. दोन हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर, ब्लोअर फुलवर जवळपास तेवढेच, रेडिएटरचा पंखा तेवढाच, वायपर चार-पाच, शिवाय इंजेक्शन, इग्निशन आणि पेट्रोल पंप. पावसाळ्यातल्या रात्री ही बेरीज चाळीस अँपिअरच्या घरात जाते. म्हणूनच उन्हाळ्यात दिवसा कुरकुर न करणारा अल्टरनेटर जुलैत कुंभार्ली घाट चढताना दगा देतो. तो त्या रात्री बिघडलेला नसतो. कमजोर आधीच होता, भार आला तेव्हा उघडा पडला.

चार्जिंग कमी दिसलं तरी लगेच दोष अल्टरनेटरला देऊ नका. गाडी चालू, सगळे दिवे लागलेले, अशा स्थितीत मीटरची एक सुई अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टवर (यालाच बी प्लस म्हणतात) आणि दुसरी बॅटरीच्या प्लसच्या खांबावर ठेवा. इथे ०.२, फार तर ०.३ व्होल्ट दिसले पाहिजेत. मग एक सुई अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियमच्या अंगावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर, इथेही ०.२ च्या आतच. यापेक्षा जास्त आलं तर वीज तयार होतेय, पण वाटेत अडतेय. फिरत्या पट्ट्यापासून हात, बाही, मीटरच्या तारा लांब ठेवा. सुई धरून वाकून पाहताना ओढणी किंवा मफलर लोंबत असतो याचं भान राहत नाही, म्हणून आधीच काढून ठेवा.

आमच्या किनारपट्टीला ही वाटेतली अडचण फार. खाऱ्या हवेने बी प्लसचं थिंबल आतून हिरवं पडतं. वरून रबरी टोपी असल्याने दिसत नाही, पण टोपी मागे सरकवली की तारेचं लाल आवरण थिंबलपाशी तपकिरी, कडक आणि बोटाने दाबलं तर तडकणारं झालेलं असतं. ती तार बोट-दोन बोटं मागे कापून पाहा. आतलं तांबं काळं असेल तर चकचकीत लागेपर्यंत कापायचं, नवं थिंबल नीट दाबून बसवायचं. एका गिऱ्हाइकाने दुसरीकडे दोन वेळा अल्टरनेटर बदलून घेतला होता. दोष होता इंजिन ते बॉडी जाणाऱ्या अर्थिंगच्या विणलेल्या पट्टीचा. तिचे धागे बोल्टपाशी जवळपास सगळे तुटले होते.

आता तुमच्या गाडीची लक्षणं. दिवा मंद पेटतो आणि रेसला विझतो, याचे माझ्या अनुभवात तीन अर्थ: पट्टा घसरतोय, कार्बन शेवटाला आलेत, किंवा आतला एखादा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलाय. पट्टा घसरत असेल तर सकाळी गाडी चालू करताना किंवा एसी लावताना चिरका आवाज येतो. डायोडसाठी मीटर एसी व्होल्टवर लावा आणि गाडी चालू असताना बॅटरीवर धरा. चांगल्या अल्टरनेटरवर एक दशांश व्होल्टपेक्षा कमी दिसतं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर डायोड प्लेट संशयित.

दोन दिवस उभी राहिल्यावर बॅटरी उतरते, हा मात्र वेगळा धागा आहे. डायोड गळका झाला की गाडी बंद असतानाही बॅटरी अल्टरनेटरमधूनच मागच्या दाराने रिकामी होत राहते. हे असं तपासा: चावी काढा, दारं बंद, बॅटरीची मायनस तार सोडा आणि मीटर दहा अँपिअरच्या खाचेत लावून ती तार आणि मायनस खांब यांच्या मधे जोडा. काही मिनिटं थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर मायनस पुन्हा पूर्ण सोडून बी प्लसची तार अल्टरनेटरवरून काढा, तिला टेप गुंडाळा आणि मीटर परत लावा. गळती एकदम थांबली तर चोर सापडला. थांबली नाही तर तुम्ही बाजारातून सर्वात महाग अल्टरनेटर आणून लावला तरी बॅटरी उतरतच राहील. मग स्टिरिओ, हॉर्न रिले, डिकीचा दिवा हे शोधावं लागेल. मीटर असा मधे जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज जागीच उडतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. अजूनही काही ठिकाणी चालू गाडीची बॅटरीची तार काढतात आणि ‘गाडी बंद पडली नाही, म्हणजे डायनमो चांगला’ असं ठरवतात. जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर हे खपून गेलं. इंजेक्शनच्या गाडीवर हे करू नका आणि कुणाला करू देऊ नका. बॅटरी ही या सगळ्या यंत्रणेत धक्का झेलणारी वस्तू आहे. ती एकाएकी बाजूला झाली की अल्टरनेटरचा व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतो. तेवढ्यात रेग्युलेटर, डायोड आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) यांतलं काहीही जाऊ शकतं. ईसीयूची किंमत अल्टरनेटरपेक्षा किती जास्त असते ते एकदा विचारून पाहा.

तपासणीत अल्टरनेटरच दोषी ठरला तर कामाला लागा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड. हातातली अंगठी, कडं, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीची मायनस तार सगळ्यात आधी सोडायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. कारण बी प्लसची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते. चावी बंद असली तरी तिच्यात करंट असतोच. मायनस न काढता त्या नटला पाना लावलात आणि पान्याचं दुसरं टोक इंजिनला टेकलं, तर पाना वेल्डिंगसारखा चिकटतो आणि हात भाजतो. सोडलेली मायनस तार परत खांबाला टेकू नये म्हणून तिला फडकं गुंडाळून बाजूला सारा.

सगळं जसं आहे तसं मोबाइलवर फोटो काढून ठेवा: पट्टा कोणत्या पुल्यांवरून कसा जातो, कोणती तार कुठे. मग पट्टा सैल करायचा. या गाड्यांत अल्टरनेटर खालच्या लांब बोल्टवर झुलतो आणि वर चीर असलेल्या पट्टीत आवळलेला असतो. १२ आणि १४ नंबरच्या गोट्यांत बहुतेक काम होतं. आधी खालचा बोल्ट जरा ढिला करा, मग वरचा. खालचा तसाच ठेवून वर जोर लावलात तर पट्टी वाकते. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी अर्धी मेहनत वाचते. अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला की पट्टा सुटतो. एसीचा वेगळा पट्टा पुढे आडवा येत असेल तर तो आधी काढावा लागेल. खालचा बोल्ट वरून हाती लागला नाही तर गाडीखालून जावं लागतं. अशा वेळी नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली शिरू नका. जॅक स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे लावा, मागच्या चाकांना दगड लावा, गाडी एकदा हलवून पाहा आणि मगच आत जा. विटा लावू नका, त्या अचानक फुटतात.

मागच्या प्लगची क्लिप दाबूनच प्लग ओढा, तारा धरून नाही. पंधरा वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं. क्लिप मोडली तर प्लग हळूहळू सैल होत जातो आणि महिनाभराने दिवा पुन्हा लागतो. मग बी प्लसचा नट काढा, बोल्ट काढताना अल्टरनेटरला एका हाताने आधार द्या (तीन-चार किलोचा ऐवज आहे, पण बोटावर पडायला पुरेसा) आणि बाहेर घ्या.

आता इथे थांबा. बाहेर आलेला अल्टरनेटर टेबलावर ठेवून पुली हाताने फिरवा. खरखर आवाज म्हणजे बेअरिंग. पुली आडवी हलली तरी बेअरिंग. दोन्ही ठीक असतील तर मागचं झाकण उघडून कार्बन पाहा. हे दोन छोटे काळे ठोकळे स्प्रिंगच्या जोरावर फिरत्या तांब्याच्या कड्यांवर टेकलेले असतात आणि तिथूनच आतल्या फील्ड कॉइलला करंट मिळतो. नवे कार्बन घरातून साधारण एक सेंटिमीटर बाहेर डोकावतात. पाच मिलिमीटरच्या खाली उरले असतील तर मी बदलतोच. कार्बन सरकतात का तेही बोटाने दाबून पाहा. धूळ आणि तेलाने ते घरात चिकटून बसतात. मग मीटर ओहमवर लावून दोन कड्यांमधला रेझिस्टन्स घ्या; तो दोन ते पाच ओहमच्या आसपास येतो. एक सुई कड्यावर आणि दुसरी शाफ्टवर धरली तर मीटरने जोड दाखवायला नको. हे आकडे बरोबर, डायोडही बरोबर आणि कार्बन तेवढे झिजलेले, असं असेल तर नवा अल्टरनेटर घेऊ नका. कार्बनचा संच किंवा कार्बनसकट रेग्युलेटर बदलून भागतं आणि खर्च हजारांऐवजी शेकड्यांत राहतो. आत पुराचं पाणी गेलेला अल्टरनेटर मात्र वेगळा. २०२१च्या जुलैत चिपळूणला पूर आला, त्यानंतर आलेल्या गाड्यांत बाहेरून धुऊन पुसून चकचकीत केलेले अल्टरनेटर होते, आणि आत वेटोळ्यांच्या मधे गाळ सुकून दगड झालेला. त्यातले काही तेव्हा चालले, पण काही महिन्यांत बेअरिंग गेली.

नवा घ्यायचाच ठरला तर जुना सोबत घेऊन जा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस किंवा कुर्ला, जिथे जाल तिथे काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पुलीवरच्या खाचा तितक्याच हव्यात, पुलीचा व्यास तोच, बोल्टचे कान त्याच जागी, प्लगच्या पिना तितक्याच आणि त्याच आकाराच्या, आणि पाटीवरचा अँपिअरचा आकडा तोच किंवा थोडा जास्त. पैसे वाचवायचे असतील तर मी बिनानावाच्या नव्यापेक्षा चांगल्या नावाचा, ओळखीच्या माणसाने उघडून बेअरिंग-कार्बन-रेग्युलेटर नवे घातलेला जुना अल्टरनेटर पसंत करतो. आतल्या तांब्याचा दर्जा नवीन रंगाखाली दिसत नाही.

बसवताना एका जागी बरेच लोक घाम गाळतात. नवा अल्टरनेटर ब्रॅकेटच्या बेचक्यात शिरतच नाही. माप चुकलेलं नसतं. बऱ्याच अल्टरनेटरच्या एका कानात लोखंडी बुश असते. बोल्ट आवळला की ती सरकून ब्रॅकेट घट्ट धरते. रिकंडिशन केलेल्या किंवा नव्या अल्टरनेटरात ती पुढे आलेली असेल तर बेचकं अरुंद पडतं. वरून हातोडा मारून बसवू नका, कान तुटतो. लांब बोल्ट, नट आणि मोठी वायसर लावून किंवा बाकाच्या शिकंज्यात धरून ती बुश एक-दोन मिलिमीटर मागे सारा, मग अल्टरनेटर हाताने आत जातो.

खालचा बोल्ट हाताने लावा, वरचा हाताने लावा, मग पट्टा चढवा. पट्टा आतून तडकलेला किंवा कडेला धागे सुटलेला असेल तर याच वेळी नवा घाला. ताण देताना टॉमी (लोखंडी दांडा) अल्टरनेटरच्या जाड ओतीव भागाला लावायची, मागच्या प्लास्टिकच्या झाकणाला किंवा मधल्या लोखंडी पत्र्यांच्या चळतीला नाही. दोन पुल्यांमधल्या सर्वात लांब भागावर अंगठ्याने जोरात, म्हणजे साधारण दहा किलोच्या दाबाने, दाबल्यावर पट्टा सहा ते दहा मिलिमीटर आत जायला हवा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तो पाहा. सैल राहिला तर घसरतो, फार ताणला तर अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग खातो. माझ्या मते घरी केलेल्या कामांत जास्त नुकसान अति ताणल्याने होतं, कारण सैल पट्टा ओरडून सांगतो, ताणलेला गप्प राहतो. ताण धरून वरचा बोल्ट आवळा, मग खालचा. बी प्लसचा नट घट्ट हवा, पण पान्यावर अंगाचा भार टाकू नका. खालचा इन्सुलेटर तडकला तर नवा अल्टरनेटर तिथेच संपला. रबरी टोपी परत चढवा.

गाडी चालू करण्याआधी बॅटरी बाहेर चार्ज करून घ्या. ही पायरी लोक गाळतात. रिकामी बॅटरी आणि नवा अल्टरनेटर अशी जोडी जमवून गाडी हमरस्त्यावर काढली, तर अल्टरनेटर पहिल्याच दिवशी बराच वेळ पूर्ण ताकदीने तापत राहतो. त्याचं काम वापरलेली वीज भरून काढण्याचं. मेलेली बॅटरी उठवण्यासाठी चार्जर असतो. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी साडेतीन अँपिअरवर रात्रभर ठेवली की भरते.

मायनस तार लावा, चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. बॅटरीचा लाल दिवा पेटायलाच हवा. पेटला नाही तर प्लग नीट बसलेला नाही किंवा दिवा उडालेला आहे. बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा थोडासा करंट याच दिव्याच्या तारेतून मिळतो. दिवा उडाला की नवा अल्टरनेटरही सुरुवातीला वीज बनवत नाही, किंवा खूप रेस दिल्यावर अचानक जागा होतो. दिवा पेटला, सेल्फ मारला, दिवा विझला, की मीटर घेऊन वरचे सगळे आकडे पुन्हा घ्या, भारासकट. नवा पट्टा घातला असेल तर दोन-तीनशे किलोमीटरनंतर ताण पुन्हा पाहा; तो थोडा सैलावतो.

काही गाड्यांवर मात्र मी घरी हात घालू नका असं सांगेन. स्मार्ट हायब्रिड म्हणून विकल्या गेलेल्या मारुतींमध्ये अल्टरनेटरच इंजिन चालू करायचं कामही करतो; त्याची जोडणी आणि पट्ट्याचा ताण वेगळा. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत ईसीयू मुद्दाम चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे १२.८ व्होल्ट दिसले म्हणून अल्टरनेटर काढायला घेतला असं होऊ नये. आधी भार टाकून पाहा. आणि जुन्या डिझेल गाड्या, म्हणजे इंडिका, सुमो वगैरे. त्यांत अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो आणि ब्रेक हलका लागतो तो त्याच्या जोरावर. तिथे तेलाचे पाइप जोडायचे असतात, पंपात थोडं इंजिन ऑइल घालून मगच बसवायचं असतं, आणि गाडी हलवण्याआधी इंजिन चालू ठेवून ब्रेकचं पेडल नेहमीसारखं मऊ लागतं का ते पाहायचं असतं. सवय नसेल तर ते काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या.

तुमच्या आल्टोसाठी सध्या नवा अल्टरनेटर विकत घेऊ नका. बॅटरीचा सकाळचा व्होल्टेज, चालू गाडीचा भाराखालचा व्होल्टेज, बी प्लस आणि अर्थिंगच्या वाटेत दिसलेले व्होल्ट, एसी व्होल्ट आणि बंद गाडीची गळती एवढे आकडे घेऊन मला कळवा. आकडे घेताना इंजिन थंड होतं की गरम तेही लिहा. थंड आणि गरम आकड्यांत फरक पडतो. सगळे आकडे पाहून मग नुसता कार्बनचा संच मागवून काम होईल का हे सांगता येईल.